पट्टी निघंना झालीय!

(सकाळ. मार्केट यार्ड. कट्टे, काटा, ट्रॅक्टरची रांग.)

दसरा झाला की लातूरच्या मार्केट यार्डात पाय ठेवायला जागा नसते. जिकडं बघावं तिकडं सोयाबीनचे कट्टे, हमालांची पळापळ, आणि आडतीच्या गादीवर मुनीमजी, आता वहीऐवजी कॉम्प्युटरपुढं. वजन टाकायचं, भाव टाकायचा, हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची.

त्या दिवशी सव्वादहाला हेच अडलं. सॉफ्टवेअर गावातल्याच एका छोट्या कंपनीचं, पोरं पाच-सहा, ऑफिस मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. फोनवर फोन. "ओ साहेब, पट्टी निघंना झालीय, नुसतं गोल फिरायलंय!"

एरवी हजारात दोन-चार रिक्वेस्ट, म्हणजे सर्व्हरकडं गेलेल्या मागण्या, फेल व्हायच्या, ते चालतंय, कुणाचं ना कुणाचं नेट जातंच. आज दहातल्या आठ फेल.

सगळ्यांनी आधी सीझनवर ढकललं. आवक वाढली, लोड आला, मोठा सर्व्हर घ्या. ग्राफ पण तसाच, रिक्वेस्ट जवळपास तिप्पट. पण आवक काल पण एवढीच होती की, काल कुठं काय झालं? तरी सर्व्हर रीस्टार्ट केला, सहा मिनिटं चालला आणि परत बसला. ही सहा मिनिटं मला लई महत्त्वाची वाटतात, म्हणजे आत काहीतरी हळूहळू भरत होतं.

मग एकीनं एरर नीट वाचले. ५०० आला तर आपला कोड फुटला असं धरून चालायचं, पण इथं सगळे ५०४, म्हणजे पुढून उत्तरच येईना म्हणून वाट बघून सोडून दिलं. आणि ॲप सर्व्हरचा सीपीयू? १५ टक्के. सर्व्हर दमला नव्हता, नुसता बसून होता. कुणाची तरी वाट बघत.

(स्क्रीनवर तीन ग्राफ, एकाखाली एक.)

हे बघा, वेळ जुळवून. १०:१२ ला डेटाबेसचं उत्तर लांबायला लागलं. १०:१४ ला ५०४ सुरू. आणि रिक्वेस्ट वाढल्या १०:१७ ला. गर्दी शेवटी आली! कारण मोबाईल ॲप असं लिहिलेलं की फेल झालं की न थांबता अजून तीनदा ट्राय करायचं, एका पट्टीच्या चार रिक्वेस्ट. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं हे गाव, इथं रांग कुणाला समजावून सांगायला नको, टँकरचं पाणी कमी आलं म्हणून प्रत्येकानं चार-चार हंडे रांगेत लावले तर पाणी थोडंच वाढतं, रांगच वाढती.

मग डेटाबेसमध्ये आत्ता काय चाललंय ते बघितलं. पोस्टग्रेस म्हणजे इथला डेटाबेस, त्यात पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी म्हणून एक सोय असते, तिथं २० कनेक्शन, सगळी जागा भरलेली, आणि विसाच्या वीस ठिकाणी एकच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, काही तर चार-चार मिनिटांपासून. पट्टीची क्वेरी एक पण नाही, तिला आत शिरायला जागाच नव्हती.

काल रात्री अकराला नवीन रिपोर्ट चढवला होता, 'हंगामाचा हिशोब', ही क्वेरी त्याचीच. गूगलच्या एसआरई टीमचा, म्हणजे सिस्टिम चालू ठेवणाऱ्या इंजिनिअरांचा, अनुभव असा की साधारण ७० टक्के बिघाड चालू सिस्टिममध्ये काहीतरी बदलल्यानं होतात, आणि १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका अपडेटनं जगभरातल्या ८५ लाखांच्या आसपास विंडोज मशिन बसल्या ते आपण बघितलंच. तरी पहिल्या मिनिटाला "काल काय बदललं?" कुणीच विचारलं नाही. रात्री बाजार बंद, म्हणून सगळं हिरवं दिसलं. टेस्टिंगला २०० पट्ट्या होत्या, इथं तीन वर्षांच्या, आणि तारखेवर इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, नाही, म्हणून क्वेरी पहिल्या पट्टीपासून शेवटपर्यंत वाचत बसायची. मुनीमजी कंटाळून टॅब बंद करून परत उघडायचे, पण जुनी क्वेरी आत चालूच, वर नवीन एक.

रिपोर्ट काढला, अडकलेल्या क्वेऱ्या मारल्या, दहा मिनिटांत पट्ट्या निघायला लागल्या. इंडेक्स रात्री टाकला, कॉन्करंटली, म्हणजे तेवढ्यात टेबलात लिहिणं-वाचणं अडत नाही. ॲपचा रीट्राय आता थांबत-थांबत होतो, दर वेळी जरा जास्त थांबून, आणि सगळे एकाच क्षणी तुटून पडू नयेत म्हणून थोडा मागं-पुढं.

दुपारी एका मुनीमजींचा फोन आला. पट्टी नीट निघायलीय म्हणाले. मग जरा थांबून, "ते सकाळी लाल अक्षरात 'नवीन' लिहिलेलं बटण होतं, ते कुठं गेलं ओ? आम्ही सगळेच दाबून बघायलो होतो."