दुधाचा पेला आणि दहा वाजताची भूक

श्रोतेहो, नमस्कार.

कापूस वेचणीचे दिवस आहेत. चोपडा, यावल, शिरपूरकडच्या कितीतरी बाया सकाळी कपभर गोड चहा घेऊन शेतात जातात आणि दहा वाजले की पोटात कावळे ओरडायला लागतात. त्यातल्या अनेकींच्या घरचं म्हशीचं दूध तोवर कॅन भरून डेअरीवर गेलेलं असतं. चहापुरतं तेवढं मागे राहतं. धार काढणाऱ्या बाईच्याच वाट्याला दूध येत नाही, हे मला फार खटकतं. तिची ती भूक शरीरात कुठून उठते, ते आज सांगते.

जठर रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, रक्तात वाढतं आणि मेंदूला भुकेचा निरोप जातो. १९९९ साली जपानी संशोधकांनी ते शोधलं. जेवण आतड्यात उतरलं की उलटे निरोप सुरू होतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या पेशी ‘सीसीके’ नावाचं संप्रेरक सोडतात. ते जठराचा वेग मंदावतं आणि मज्जातंतूंमार्फत मेंदूला कळवतं, आता पुरे. आतड्याच्या खालच्या भागातून ‘जीएलपी-१’ आणि ‘पीवायवाय’ ही संप्रेरकं येतात. त्यांचंही काम भूक आवरण्याचंच.

सीसीकेला सर्वांत जास्त चालना मिळते ती प्रथिनांनी आणि स्निग्धांशाने. गोड चहात असते मुख्यतः साखर. ती लवकर शोषली जाते आणि तृप्ती टिकत नाही.

दुधात मात्र दोन्ही आहेत. म्हशीच्या पेलाभर दुधात साधारण ९-१० ग्रॅम प्रथिनं मिळतात. दुधातल्या प्रथिनांचा सुमारे ८० टक्के भाग केसीन, उरलेला व्हे. जठरातल्या आम्लात केसीनच्या गुठळ्या होतात आणि ते हळूहळू पचतं. व्हे पातळच राहतं, भराभर पुढे जातं, त्याची अमिनो आम्लं लवकर रक्तात येतात. म्हणजे एक निरोप लगेच जातो, दुसरा बराच वेळ जात राहतो. शिवाय सायीतला स्निग्धांश जठर रिकामं व्हायला वेळ लावतो.

पुष्कळजणी पनीरचं पाणी टाकून द्यावं का, असं विचारतात. टाकू नका, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ त्यात भिजवा. व्हे त्या पाण्यात उतरतं खरं, पण दूध चांगलं उकळलेलं असेल तर व्हेची बरीचशी प्रथिनं केसीनला चिकटून पनीरमध्येच राहतात. पाण्यात उरते ती लॅक्टोज साखर आणि क्षार. तेव्हा त्या पाण्याकडून फार अपेक्षा नको.

हल्ली वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांबद्दलही विचारणा होते. ती जीएलपी-१ सारखंच काम करतात, पण त्यातलं औषध दिवसच्या दिवस टिकेल असं घडवलेलं असतं. आपल्या आतड्यातलं जीएलपी-१ काही मिनिटांत निष्प्रभ होतं. दूध पिऊन त्या औषधासारखा परिणाम मिळेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रक्तात ही संप्रेरकं वाढली म्हणून माणूस पुढच्या जेवणाला कमी खातोच, असंही प्रत्येक अभ्यासात दिसलेलं नाही. भूक सवयीवर, झोपेवर, कष्टावरही अवलंबून असते.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. डेअरीला दूध घालण्याआधी पेलाभर घरात काढून ठेवा आणि वेचणीला जाणाऱ्या बाईने ते कळण्याच्या भाकरीबरोबर घ्यावं. उडदाची प्रथिनं त्यात आणखी भर घालतात. दूध प्यायल्यावर पोट फुगत असेल तर दही घ्या. विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात. ताकही चालेल, पण पातळ ताकात प्रथिनं कमी, म्हणून ते घट्ट ठेवा. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र दुधाचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.