सेट म्हणजे बसवणे, बाकी सगळं नंतर

ही चिठ्ठी बघा. साधा कागद आहे, वर कोपऱ्यात एकच शब्द लिहिलाय, सेट, आणि खाली कुठल्यातरी पुस्तकातून उतरवून घेतलेलं वाक्य, डॉक्टरने मोडलेलं हाड सेट केलं. आता दुसरी चिठ्ठी, सोनाराने अंगठीत हिरा सेट केला. तिसरी, सूर्य सेट झाला. चौथी, सिमेंट अजून सेट झालं नाहीये. आता सांगा, या चारही एकाच गठ्ठ्यात ठेवायच्या की चार वेगळे गठ्ठे करायचे?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी बनवणाऱ्यांचं आयुष्य यातच गेलं. १८७९ मध्ये जेम्स मरे संपादक झाले, पत्र्याच्या शेडमध्ये बसायचे, भिंतीला लाकडी खण आणि खणांमध्ये अशा चिठ्ठ्या, वाचकांनी पोस्टाने पाठवलेल्या, लाखांनी. १९१५ मध्ये मरे गेले आणि डिक्शनरी पूर्ण व्हायला १९२८ उजाडलं. पुढे १९८९ ची दुसरी आवृत्ती आली तेव्हा एकट्या सेट या क्रियापदाचे ४३० अर्थ भरले होते, आणि ते समजावायला साधारण ६०,००० शब्द. तीन अक्षरांच्या शब्दाला अख्खी कादंबरी!

पण ४३० ऐकून घाबरू नका, कारण मराठी माणसाला हा शब्द अर्धा आधीच येतो. जुन्या इंग्रजीत सेट्टन असं क्रियापद होतं, सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसायला लावणे. थोडक्यात, बसवणे. आता परत चिठ्ठ्या बघा. हाड बसवलं. हिरा बसवला. गाण्याला चाल बसवतात, घडी बसवतात, मशीन बसवतात, दात बसवतात, जम बसवतात, दंडसुद्धा बसवतात आणि आपल्याला कधी वाटत नाही की बसवणे हा फार अवघड शब्द आहे म्हणून. एक वस्तू तिच्या जागी नेऊन पक्की करायची, एवढीच मूळ कल्पना, बाकी सगळं तिला फुटलेल्या फांद्या.

गंमत म्हणजे सिट आणि संस्कृतमधला सद् हा धातू एकाच मुळातून आलेत. संसद, परिषद, उपनिषद यांत तोच बसलाय. म्हणजे इंग्लिशमधलं सेट आपलं लांबच्या नात्यातलं निघालं.

मग सूर्याचं काय? त्याला कोण बसवतं? कोणी नाही, तो स्वतःच बसतो. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला सेटलगँग म्हणायचे, सेटल म्हणजे आसन, गँग म्हणजे जाणं. दिवसभर फिरून सूर्य आपल्या आसनाकडे निघाला. मला हे चित्र भारी आवडतं. सिमेंटचंही तसंच, हलायचं थांबतं आणि आहे तिथे ठाण मांडतं.

काही चिठ्ठ्या मात्र छळतात. अपसेट घ्या. पंधराव्या शतकात याचा अर्थ होता उभं करणं, वर बसवणं, आणि आज अर्थ काय तर उलथून पाडणं, वर मूड खराब होणं. शब्द जागच्या जागी आणि अर्थ डोक्यावर उभा.

आणि एक चिठ्ठी तर चुकून दुसऱ्याच घरची आलीये. कपांचा सेट. हा सेट बसण्याचा नाहीच. लॅटिनमध्ये सेक्टा म्हणजे पंथ, एखाद्याच्या मागून जाणारी माणसं, तिथून फ्रेंचमध्ये सेट आणि तिथून इंग्लिशमध्ये एकत्र असणाऱ्यांचा गट. म्हणजे नाटकाचा सेट एका घरचा आणि कपांचा सेट दुसऱ्या घरचा, दोघांचं स्पेलिंग एक, मग शेजार इतका वाढला की आता बोलणाऱ्याला फरक कळतच नाही. गणितवाले आपले शहाणे, त्यांनी मराठीत संच म्हटलं आणि विषय मिटवला.

सगळ्यात जास्त अर्थ असलेला शब्द म्हणून सेट पहिला होता, पण आता तो पहिल्या नंबरवर नाही. डिक्शनरीची नवी तपासणी सुरू झाली तसं आधी मेक पुढे गेला, मग पुट, आणि २०११ च्या सुमाराला रन. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी नऊ महिन्यांहून जास्त काळ एका रनवर घालवला आणि ६४५ अर्थ वेगळे काढले. कारणात मोठा वाटा यंत्रांचा. इंजिन, कारखाना, प्रोग्रॅम, सगळं तिकडे रन होतं. नळ रन होतो, नाक रन होतं, निवडणुकीला उभा राहणारा माणूससुद्धा रनच करतो, आपल्याकडे तो निदान उभा तरी असतो!

आपल्याकडे यंत्र पळत नाही, चालतं. दुकान चालतं, केस चालते, नाणं चालतं, डोकं चालतं, एखाद्याला काहीही चालतं. व्हिडिओची तयारी करताना मी चालणेचे अर्थ मोजायला बसलो, वहीत चिठ्ठ्यांसारखे चौकोन आखले, आणि तिसावर आलो तेव्हा घरातून आवाज आला, काय चाललंय? एकतीस.