बिग डॅडीचा पाय गेला आणि इंजिन मागे गेलं

नमस्कार मंडळी! ड्रॅग रेसिंग म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: स्पीड किती? आज मला बोलायचंय ड्रायव्हर बसतो कुठे, त्याबद्दल.

खेळ सोपा आहे. सरळसोट पट्टा, परंपरेने पाव मैल, म्हणजे साधारण 402 मीटर. दोन गाड्या. हिरवा दिवा लागला की सुटायचं.

[स्क्रीनवर: जुनी स्लिंगशॉट ड्रॅगस्टर]

ही गाडी नीट बघा. 1970 पर्यंत टॉप फ्युएल या सगळ्यात वेगवान वर्गात हिचंच राज्य होतं. इंजिन पुढे आणि ड्रायव्हर पार मागच्या चाकांच्याही मागे. पाय अ‍ॅक्सलच्या वरून दोन्हीकडे टाकलेले, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स सगळं थेट पायांच्या मध्ये! आणि तोंडासमोर नायट्रोमिथेन या जहाल इंधनावर धडधडणारं इंजिन. ते फुटलं की तेल आणि आग ड्रायव्हरच्या अंगावर. धोका सगळ्यांना दिसत होता, पण गाडी जिंकत होती ना, मग बदलतंय कोण?

डॉन गार्लिट्स, फ्लोरिडाचा, टोपणनाव 'बिग डॅडी'. 1964 मध्ये ताशी 200 मैलांच्या पुढे गेलेला गडी. त्याच्या गाड्यांचं नाव स्वॅम्प रॅट, दलदलीतला उंदीर. 8 मार्च 1970, कॅलिफोर्नियातली लायन्स ड्रॅग स्ट्रिप. गाडी सुटली आणि गिअरबॉक्सचा स्फोट झाला. गाडीचे दोन तुकडे, आणि गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला.

दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हा हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या नवी गाडी आखायला लागला. इंजिन मागे, आपण पुढे. कल्पना नवी नव्हती हं, आधीही काहींनी करून पाहिलं होतं, पण गाड्या वेगात भरकटायच्या. याचीही भरकटली. मेख निघाली स्टिअरिंगमध्ये! हात जरासा हलला की चाकं नको इतकी वळत होती. स्टिअरिंग मंद केलं आणि गाडी सरळ धावायला लागली. 1971 ला कॅलिफोर्नियातल्या पोमोनाची विंटरनॅशनल्स ही मोठी स्पर्धा त्याने याच गाडीने मारली. पुढच्या दोन-चार वर्षांत टॉप फ्युएलमधून स्लिंगशॉट हद्दपार. माझ्या मते त्याच्या सगळ्या स्पीड रेकॉर्ड्सपेक्षा हे काम मोठं, कारण रेकॉर्ड मोडतात. टॉप फ्युएलचं इंजिन आजही मागेच आहे.

अशाच मागे इंजिन असलेल्या गाडीतून शर्ली मल्डाउनी गाजली. 1973 मध्ये टॉप फ्युएलचं लायसन्स मिळवणारी पहिली बाई. 1977, 1980 आणि 1982, तीन वेळा चॅम्पियन, आणि या वर्गात तीन किताब तिच्याआधी कुठल्या पुरुषालाही जमले नव्हते. 1984 मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या अपघातात दोन्ही पाय चिरडले. 1986 मध्ये बाई पुन्हा स्टार्ट लाइनवर!

पण तिची माझी सगळ्यात आवडती रेस 1982 ची, इंडियानापोलिसची यूएस नॅशनल्स. फायनलला शेजारच्या लेनमध्ये कॉनी कलिटा, तिचा एकेकाळचा जोडीदार आणि क्रू चीफ, म्हणजे गाडी सांभाळणाऱ्या टीमचा प्रमुख. बाईंनी त्याला हरवलं.