शहापूरच्या काकूंचा करार

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जा, गल्लीत एक तरी घर असं सापडतं जिथं मोबाइलवर व्हिडिओ तयार होतात. कुणी उसाच्या लावणीचे करतं, कुणी राजहंसगडावरच्या पावसाचे, कुणी स्वयंपाकाचे. बघणारे वाढले की एखाद्या कंपनीचा निरोप येतो: आमच्या मालाची जाहिरात करा, पैसे देतो. पाठोपाठ येतो इंग्रजी करार. तो करार वाचायचा. पैशाचा आकडा बघून सही करायची नाही. आधी वाचायचा, मग सही.

बेळगावातल्या शहापूरच्या एक काकू आहेत, मांडे करणाऱ्या. पारी दोन्ही हातांवर फिरवून फिरवून इतकी पातळ करतात की खालचा हात दिसावा, आणि मग अलगद उलट्या खापरावर टाकतात. मुलगा मोबाइल धरतो. (मांडा दुधात कुस्करून खायचा असतो, हो. हल्ली लग्नात रुखवतात मांडून ठेवतात, फोटो काढतात आणि तो तसाच मऊ पडतो. करणारीच्या हाताचा हा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं.)

तर या काकूंना पिठाच्या एका कंपनीनं विचारलं. एका रीलचे पंधरा हजार. करार नऊ पानी. मुलगा म्हणाला, "आई, सगळेच करतात सही." काकूंनी कागद पिशवीत घातले आणि कोर्टाजवळ बसणाऱ्या एका म्हाताऱ्या बाँड रायटरकडं गेल्या. त्यांचा जन्म खरेदीपत्रं आणि वाटणीपत्रं लिहिण्यात गेलेला. रील म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, कागद मात्र ठाऊक होता.

चौथ्या पानावर त्यांनी बोट ठेवलं. "वहिनी, हे वाचलासा काय?"

"नाही अण्णा. काय लिवलंय?"

"तुमचा व्हिडिओ, त्यातला चेहरा, आवाज, सगळं कंपनीनं जगभर, कुठंही, कायमचं वापरायचं. शेत खंडानं देताना किती वर्षं ते लिहिता की नाही? हे तर खरेदीपत्र दिसायलंय."

म्हणजे उद्या चन्नम्मा सर्कलला काकूंचा फलक, टीव्हीवर काकू, पिठाच्या पाकिटावर काकू, आणि पैसे तेच पंधरा हजार! काकू गप्प बसल्या. अण्णांनी पान उलटलं. पुढं लिहिलं होतं, वर्षभर दुसऱ्या कुठल्याही खाद्यपदार्थाची जाहिरात करायची नाही. आणि दिवाळीला कुंद्याच्या एका दुकानाचं काम काकूंनी आधीच कबूल केलेलं. शेवटच्या पानावर होतं, वाद झाला तर दिल्लीच्या कोर्टात.

काकूंनी तिथूनच कंपनीच्या पोरीला फोन लावला. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाळ, व्हिडिओ सहा महिने वापरा, तुमच्या इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर. पुढं पाहिजे असेल तर वेगळे पैसे. बंदी फक्त गव्हाच्या पिठाची, तीन महिने. आणि कोर्ट आमच्या बेळगावचं." संध्याकाळी बदललेला करार आला. बेळगाव काही मिळालं नाही, बेंगळूर मिळालं. तेही चाललं, संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी बेंगळूर.

तेव्हा श्रोतेहो, करारात आधी हेच शोधा: व्हिडिओ किती दिवस वापरणार, कुठं कुठं वापरणार, आणि दुसऱ्या कुणाचं काम बंद करायला लावतायत का. किती दिवस, कुठं कुठं, कुणाचं काम बंद. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक आधार आहे. हक्क देताना मुदत लिहिलीच नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. पण 'कायमचं, जगभर' असं लिहून त्याखाली तुम्ही सही केलीत, तर हा आधार उरत नाही.

पैसे कधी मिळणार, हेही बघा. '९० दिवसांत' असं बरेचदा लिहिलेलं असतं. तुम्ही उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली असेल, तर सूक्ष्म उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते. दुरुस्त्या किती वेळा करून द्यायच्या, तो आकडाही लिहून घ्या. नाहीतर तोच मांडा दहा वेळा भाजायला लावतील.

जाहिरात असेल तर ती जाहिरात आहे हे व्हिडिओतच सांगायचं, आणि व्हिडिओ मराठीत असेल तर मराठीतच सांगायचं. केंद्र सरकारच्या २०२३ च्या सूचना तशाच आहेत. दिशाभूल करणारी जाहिरात केली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. बघणारे आपलेच शेजारीपाजारी असतात. जे पीठ आपल्या घरच्या डब्यात जात नाही, ते त्यांना घ्या म्हणून सांगू नका.

आणि फुकट आलेली वस्तू करातून सुटत नाही. मिक्सर, मोबाइल ठेवून घेतलात आणि एका कंपनीकडून वर्षात असं २०,००० रुपयांच्या वर मिळालं, तर १ जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानंच आधी कापून भरायचा कर, आहे. कापलेला कर तुमच्या पॅनवर जमा झाला का ते तपासा. जास्त कापला गेला असेल, तर रिटर्न भरल्यावरच तो परत मिळतो. नमस्कार.