तळाखालचे पाणी

[दृश्य: गोठलेले तळे, दुपार. दोन माणसे, लांब पात्याची करवत.]

बर्फावर करवत चालू लागली की पहिली काही मिनिटे नुसता पांढरा भुगा उडत राहतो. पाते कोपरभर खाली गेल्यावर मात्र आवाज पालटतो. कोरडी खरखर थांबून ओला, जड आवाज येऊ लागतो आणि करवत चालवणाऱ्याला न पाहताच कळते की पाणी लागले. दक्षिण फिनलंडमधील एस्पो शहरातल्या एका तळ्यावर, फेब्रुवारीच्या दुपारी, आम्ही हे चित्रण केले. बर्फात असे पाडलेल्या भोकाला फिनिश भाषेत ‘आवांतो’ म्हणतात. हिवाळी पोहण्याची आवड असलेली माणसे त्यात उतरतात, आणि पाणी पुन्हा गोठू नये म्हणून काठावरच्या छोट्या पंपाने ते सतत हलते ठेवले जाते. कापलेला तुकडा बाजूला ओढताच जे दिसते, ते या चित्रफितीतले आमचे सर्वांत आवडते दृश्य आहे. चहूकडे मैदानासारखा पांढरा पृष्ठभाग आणि मधोमध शाईसारखे काळे पाणी.

त्या भोकापासून पन्नासेक पावलांवरच्या घरात, त्याच संध्याकाळी, सात माणसे एक अल्बम ऐकायला एकत्र जमली होती. अल्बमचे नाव ‘साइवो’, साल २०११, फिनिश वाद्यवृंदाचे नाव तेन्ही.

[दृश्य: घराची बैठक. खुर्च्या मांडल्या जात आहेत.]

तेन्ही हा वृंद त्यूको सारिक्को यांनी १९९६ साली सुरू केला. इल्मारी इस्साकाइनेन हे त्यातले दुसरे प्रमुख वादक. ‘काउआन’ हा पहिला पूर्ण अल्बम १९९९ साली जर्मनीतील प्रॉफेसी प्रॉडक्शन्स या कंपनीने प्रसिद्ध केला. काउआन म्हणजे दीर्घकाळ, आणि पहिल्याच अल्बमला हे नाव देणाऱ्यांना घाई नव्हती हे उघड आहे. त्यानंतर २००२ साली ‘वॅरे’ आला, पुढे आणखी काही अल्बम झाले, आणि मग ‘साइवो’. त्यांच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह फोक म्हटले जाते. लोकसंगीताची वाद्ये आणि स्वरवळणे घेऊन, दोन-तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट सोडून, लांब पल्ल्याच्या रचना बांधायच्या, असा त्याचा ढोबळ अर्थ सांगता येईल. अकूस्टिक गिटार, पियानो, व्हायोलिनसारखी तंतुवाद्ये आणि संथ, खोल ढोल हा या संगीताचा पाया असतो. त्यांवर पुरुषाचा खर्जातला आवाज येतो, तोही बोलण्याच्या इतका जवळचा की गाणे नेमके कुठे सुरू झाले हे पटकन ध्यानात येत नाही.

अल्बमच्या नावाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. उत्तरेकडील सामी या आदिवासी लोकांच्या श्रद्धेनुसार काही पवित्र तळ्यांना दोन तळ असतात. वरच्या तळाखाली आणखी एक पाणी असते, त्या पाण्याखाली एक जग असते, आणि मेलेली माणसे तिथे सुखाने नांदतात. वरच्या पाण्यातला मासा अचानक दिसेनासा झाला, तर तो मधल्या भोकातून खालच्या पाण्यात गेला असे समजायचे. अशा तळ्याला आणि त्याखालच्या जगाला साइवो म्हणतात.

[दृश्य: दिवे मालवले जातात. सीडीचा खण आत सरकतो.]

जमलेल्या सात जणांना यातले काहीही सांगितलेले नव्हते. अल्बमचे नाव, गाण्यांची शीर्षके, मुखपृष्ठ, सर्व बाजूला ठेवले होते. भ्रमणध्वनी बाहेरच्या खोलीत होते. मध्ये थांबायचे नाही, बोलायचे नाही, आणि संपल्यावर जे मनात येईल ते कागदावर लिहायचे, एवढीच अट होती. सुमारे तासभर चालणारा अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐकायचा, ही गोष्ट आज अट म्हणून घालावी लागते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते. बारा गाण्यांमधून एक उचलून, ते भांडी घासताना किंवा गाडी चालवताना कानावर पडू देणे, याला आम्ही ऐकणे मानत नाही. या संगीताच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण त्यात एका गाण्याची अखेरची गुंजनरेषा विरते न विरते तोच दुसऱ्याचा पहिला ठोका पडतो, आणि मधली ती शांतताही रचनेचाच भाग असते.

[दृश्य: चेहरे, एकापाठोपाठ एक. येथे निवेदन नाही.]

[दृश्य: कागद गोळा होतात. अक्षरांवर कॅमेरा.]

सातांपैकी पाच कागदांवर पाणी होते. कुणी नदी लिहिली होती, कुणी बुडणे, कुणी होडी. एकाने पाण्याखालून वर पाहिल्यावर दिसतो तसा उजेड असे लिहिले होते. या पाचांत फिनिश भाषा येणारा एकच होता. त्यानंतर आम्ही शीर्षके वाचून दाखवली. ‘पिएनेत पुरोत’ म्हणजे लहान ओढे. ‘पालू योएल्ले’ म्हणजे नदीकडे परतणे. ‘सातेन सोउतु’ म्हणजे पावसाचे वल्हवणे. खोलीत काही क्षण कुणीच बोलले नाही. ती शांतता चित्रफितीत जशीच्या तशी ठेवली आहे.

हा योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही, आणि त्याला चमत्कार म्हणायचीही गरज नाही. जगभरातले श्रोते तेन्हीविषयी बोलताना जंगल, पानगळ, तळे, एकांत हेच शब्द वापरतात, आणि त्यावर नेहमीचा आक्षेप असा असतो की फिनलंड म्हटले की माणसांना हेच सुचणार. देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनाखाली आहे आणि तळ्यांची संख्या १,८७,८८८ सांगितली जाते, तेव्हा आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु तेन्ही ज्या गावचे, ते इल्मायोकी दक्षिण ओस्त्रोबोत्निया प्रांतात आहे, आणि हा प्रांत तळ्यांच्या बाबतीत फिनलंडमधला गरीब प्रांत होय. तिथे क्षितिजापर्यंत सपाट शेते आहेत, मधून क्यूरोन्योकी ही नदी वाहते, आणि वसंतात बर्फ वितळले की तिचे पाणी शेतांवर पसरते. वर्षातले बरेच महिने जिथे कोरडी माती दिसते, तिथे काही आठवडे आकाशाचे प्रतिबिंब दिसते. पर्यटनाच्या भित्तिपत्रकावरच्या तळ्यांपेक्षा या अल्बममधले पाणी आम्हाला अशा पुराच्या जवळचे वाटते. ते हळूहळू चढते आणि कळायच्या आत घोट्यापर्यंत येते.

[दृश्य: ढोलावर पडणारी काठी, संथगतीत.]

हे पाणी नादात कुठून येते, याचे एक उत्तर भाषेत आहे. फिनिशमध्ये शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो. सा-तेन, सोउ-तु: पहिले अक्षर वजनदार, दुसरे हलके. वल्हे पाण्यात बसते, मग निसटते. गायक संथ लयीत एकामागून एक असे शब्द ठेवत गेला, की अर्थ न कळणाऱ्याच्याही अंगात तो झोका उतरतो. दुसरे म्हणजे या भाषेत स्वर ऱ्हस्व की दीर्घ आणि व्यंजन एकेरी की दुहेरी, यावर अर्थ ठरतो. ‘तुली’ म्हणजे आग, ‘तूली’ म्हणजे वारा आणि ‘तुल्ली’ म्हणजे जकात. मराठी कानाला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण दिन आणि दीन, गडी आणि गड्डी यांतला फरक आपण लहानपणीच शिकतो. मंद लयीत दीर्घ स्वराला हवी तेवढी जागा मिळते, आणि ‘साइवो’मध्ये ती अशी काही मिळते की एकेक स्वर खोलीभर पसरून मगच विरतो.

फिनिश मातृभाषा असलेल्या श्रोत्याची प्रतिक्रिया यापेक्षा निराळी निघाली, आणि आमच्या मते ती सर्वांत मोलाची होती. वयाने साठीच्या पुढचे हे गृहस्थ म्हणाले की सगळे शब्द आपल्यालाही कळले नाहीत, आणि त्यामुळे ऐकताना आपण आजोबांच्या खोलीत बसल्यासारखे झालो. त्यांनी उदाहरण दिले ते ‘हाक्सी’ या शब्दाचे. हाक्सी म्हणजे गलबत, पण आज तो शब्द एकटा कुणी वापरत नाही. तो उरला आहे तो ‘हाक्सिरिक्को’ या जोडशब्दात, म्हणजे जहाज फुटण्यात. मराठीत त्याला नेमका शब्द आहे: तारू. तारू बोलण्यातून केव्हाच गेले, कवितेत राहिले. फिनिश माणसाला मात्र आपले तारू आठवते ते फक्त फुटताना. अल्बममधल्या एका गाण्याचे शीर्षक तेवढेच आहे, ‘हाक्सी’, न फुटलेले.

[दृश्य: खिडकीजवळची श्रोती. हातात पेला.]

खिडकीपाशी बसलेल्या बाई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या आहेत. नोकरीनिमित्त त्या एस्पोला राहतात आणि त्यांची फिनिश अजून हवापाण्याच्या गप्पांपुरतीच आहे. तेवढ्या भाषेमुळे तासाभरात त्यांना एकच शब्द ओळखता आला, तो म्हणजे पाऊस. दृश्य नीट पाहिले तर दिसेल की त्या क्षणी त्यांनी ओठांपाशी नेलेला पेला तसाच थांबला आहे. त्यांनी नंतर सांगितले की गावाकडे पाऊस लागला की पत्र्यावरच्या आवाजात घरातल्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही, आणि इथला पाऊस आवाज करत नाही, हे आपल्याला पहिल्या वर्षी फार जड गेले होते. गाण्यातला पाऊसही आवाज करणारा नव्हता. याहून अधिक त्या बोलल्या नाहीत, आणि आम्ही विचारले नाही.

सर्वांना हे संगीत भावले असे मात्र नाही. एका तरुणाला चौथ्या गाण्यानंतर सगळे सारखेच वाटू लागले आणि थोड्या वेळाने त्याला झोप लागली. त्याने तसे प्रामाणिकपणे लिहिले.

[दृश्य: जुन्या छापील पानांवरून सरकणारा कॅमेरा.]

संगीत ऐकून माणसाचे काय होते, याचे फिनिश भाषेतले सर्वांत प्रसिद्ध वर्णन ‘कालेवाला’ या महाकाव्यात आहे. एलिआस लोन्रोत यांनी पेशा वैद्यकाचा असूनही गावोगाव पायी फिरून गायकांकडून गाणी उतरवून घेतली, त्यांतून १८३५ साली पहिली आवृत्ती सिद्ध केली आणि १८४९ साली ५० सर्गांची विस्तारित आवृत्ती प्रसिद्ध केली. ही गाणी आठ अक्षरांच्या ओळींची असतात. त्यांना यमक नसते, पण ओळीतले शब्द बरेचदा एकाच अक्षराने सुरू होतात आणि पुढची ओळ मागचाच अर्थ निराळ्या शब्दांत सांगते. तेन्हीची गीते त्यांची स्वतःची आहेत, कालेवालातून घेतलेली नाहीत. तरीही तोच तो अर्थ किंचित बदलून पुन्हा समोर ठेवायची सवय त्यांच्या वादनात ऐकू येते, आणि ज्याला तो तरुण सारखेपणा म्हणाला ते आमच्या मते हेच आहे.

एकेचाळिसाव्या सर्गात महाकाव्याचा नायक, वृद्ध वॅइनॅमॉइनेन, कान्तेले हे तंतुवाद्य वाजवतो. हे वाद्य त्याने एका प्रचंड माशाच्या जबड्यापासून बनवले आहे. वादन सुरू होताच खारी फांद्यांवरून झेपावत येतात, दलदलीतला लांडगा उठतो, अस्वल पाइनच्या झाडावर चढते, गरुड पिले घरट्यात सोडून येतो. पाण्याकाठी केस विंचरत बसलेल्या जलकन्या ऐकू लागतात आणि त्यांच्या हातातली फणी नकळत निसटून लाटांत पडते. खिडकीतल्या थांबलेल्या पेल्याचे दृश्य संकलनाच्या टेबलावर पाहताना आम्हाला आठवली ती ही फणी. पुढे थोर-लहान सारेच रडू लागतात, आणि शेवटी स्वतः वाजवणाराही रडतो. त्याचे अश्रू गालांवरून, छातीवरून, पायांवरून ओघळत पाण्यात जातात आणि तळच्या काळ्या चिखलात स्थिरावतात. निळ्या रंगाचे पाणबदक बुडी मारून ते वर आणते, तेव्हा त्यांचे मोती झालेले असतात.

[दृश्य: आवांतो, रात्र. काठावर कंदील.]

‘साइवो’नंतरचा अल्बम, ‘वाल्कामा’, २०२३ साली आला. मध्ये १२ वर्षे गेली.

[दृश्य: बाहेरून खिडकी. आत उजेड.]

कागद गोळा झाले, दिवे लागले, पाहुण्यांनी कोट चढवले. दाराशी पोहोचल्यावर तिघांनी पावसाच्या वल्हवण्याचे गाणे पुन्हा एकदा लावायला सांगितले. कुणी खाली बसले नाही. साताऱ्याच्या बाई, ते साठीचे गृहस्थ आणि झोप लागलेला तो तरुण, तिघेही कोट घालून, हातात टोप्या घेऊन, उभ्यानेच ऐकत राहिले. आमचा एक कॅमेरा तेव्हा बाहेर तळ्यावर होता. त्याच्यापर्यंत ते गाणे पोहोचत नाही. त्याने टिपला तो फक्त पंपाचा आवाज आणि भोकातले हलते पाणी.