पावणेतीन किलोचे डबे

सकाळची वेळ. नागपूर, इतवारी. संत्रा बर्फीचा ट्रे नुकताच काउंटरवर आलाय.

"किती देऊ जी?"

"पावणेतीन किलो. अन् पाव-पाव किलोच्या डब्यांत द्या ना भाऊ, वाटायची आहे."

भाऊ वजनाच्या आधीच रिकामे डबे मांडतो. अकरा. ना कागद, ना कॅल्क्युलेटर.

अकरा कुठून आले? एका किलोत चार पाव. दोन किलोंचे आठ, वरच्या पाऊण किलोचे तीन. शाळेत आपण हेच घोकतो: पूर्णांकाला छेदानं गुणा, त्यात अंश मिळवा. तो गुणाकार म्हणजे डबे मोजणं आहे, एवढंच सांगायचं राहून जातं, आणि पोरं नियमाला घाबरतात.

गिऱ्हाइकानं मागितलं ते २ पूर्णांक ३/४, म्हणजे पूर्णांकयुक्त अपूर्णांक. भाऊनं मांडलं ते ११/४. इथे अंश छेदाहून मोठा, म्हणून नाव अंशाधिक. बर्फी तेवढीच. उलट यायचं तर अकराला चारानं भागा: भाग दोन, बाकी तीन. पुन्हा पावणेतीन.

सव्वा, दीड, अडीच हे पूर्णांकयुक्त अपूर्णांकच आहेत. आपल्या तोंडी ते इतके रुळलेत की त्यांत अपूर्णांक आहे हे जाणवतही नाही. जुन्या शाळांत तर दिडकी, अडीचकी पाढ्यांसारखी पाठ करून घेत.

मग अंशाधिक कशाला हवा? गुणाकारासाठी.

दीड गुणिले दीड किती? बरीच मुलं एकाला एकानं गुणतात, अर्ध्याला अर्ध्यानं, आणि उत्तर लिहितात सव्वा. ही चूक मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती डोळ्यांनी दाखवता येते.

फरशीवर खडूनं दीड फूट लांब, दीड फूट रुंद चौकोन काढू. आत एक फुटाचा पूर्ण चौकोन. कोपऱ्यात अर्ध्या फुटाचा चिमुकला. मुलांनी एवढेच दोन धरले. बाजूच्या दोन पट्ट्या सुटल्या, प्रत्येकी अर्धा चौरस फूट.

आता दीडला ३/२ म्हणू. प्रत्येक बाजूचे अर्ध्या-अर्ध्या फुटाचे तीन तुकडे पाडू, रेघा ओढू. सगळे चौकोन सारखे झाले, प्रत्येक पाव चौरस फुटाचा. मोजा. पहिल्या ओळीत तीन, दुसरीपर्यंत सहा, तिसरीपर्यंत नऊ.

नऊ पाव. सव्वादोन.