पाव फुटाचं चित्र

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या लहानपणी आमच्या घरी दिवाळी अंक विकत येत नसत. ते यायचे वाचनालयातून, योजनेतून, आणि आपला नंबर लागेपर्यंत संक्रांत उलटून गेलेली असायची. पण अंक हातात पडला की आई आधी मुखपृष्ठ बघायची. ‘दीपावली’वर दीनानाथ दलालांचं चित्र असायचं. पदराला कुठला रंग दिलाय, उजेड गालावर कसा घेतलाय, हे ती शेजारच्या काकूंना बोट ठेवून दाखवायची. माझ्या आईनं आयुष्यात आर्ट गॅलरीची पायरी चढली नाही. चित्र बघायला ती शिकली वाचनालयामुळे. तिचंच कशाला, तालुक्याच्या गावातल्या किती माणसांना चित्र पहिल्यांदा भेटलं ते असंच, वाचनालयाचा शिक्का बसलेलं. तो शिक्का नेमका बाईच्या कपाळावर मारणाऱ्या शिपायांबद्दल मी आज बोलणार नाही.

आजचा आपला विषय आहे, गावातल्या चित्रकारांची प्रदर्शनं गावातल्या वाचनालयात. मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, म्हणून हा विषय माझ्याकडे आला. चित्रकलेत माझी मजल एलिमेंटरीपर्यंत. इंटरमिजिएटला स्मरणचित्रात बैलगाडी आली आणि माझा बैल बसला तो उठलाच नाही.

आपल्याकडची वाचनालयं जुनी आहेत बघा. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. आणि मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी उघडली १९५२ साली. म्हणजे पुस्तकं वाचायला गावात जागा झाली, त्यानंतर शंभर वर्षांनी जहांगीर झाली, तीही काळा घोड्याला. तिथे आजही तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मग आमच्या गावच्या चित्रकारानं चित्र टांगायचं कुठे? गणपतीच्या मांडवात? तिथे स्पीकरच्या भिंतीपुढे माणूस उभा राहत नाही, चित्र काय बघणार!

१९६७ साली आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यातून अ, ब, क, ड असे वर्ग आले आणि अनुदान आलं. अनुदान हप्त्यानं येतं, आणि हप्ता कधी येतो ते ग्रंथपालाच्या बायकोला किंवा नवऱ्याला विचारा. पण अगदी ड वर्गाचं वाचनालय घेतलं तरी एक खोली असते, ट्यूबलाइट असते, आणि मुख्य म्हणजे रोज येणारी माणसं असतात. तालुक्याच्या गावात गॅलरी नसते, वाचनालय असतं. पुन्हा सांगते, गॅलरी नसते, वाचनालय असतं.

पणजीला गेलात तर आझाद मैदानाजवळच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीत नुसतं आत पाऊल टाका. प्रवेशाच्या दालनात निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरश्यांवर भिंतभर चित्रं आहेत, १९३५ सालची, जॉर्ज कुलासू या चित्रकाराची. गोव्याची सेंट्रल लायब्ररी पूर्वी याच इमारतीत होती. पुस्तक बदलायला जाणारा माणूस आधी त्या चित्रांसमोरून जायचा. मुद्दाम चित्रं बघायला कोण जातो हो? जाता-येता दिसलं पाहिजे.

आता माझी गोष्ट. १९९६ सालची. फ्लेक्स आमच्या गावात अजून यायचा होता, त्यामुळे गावातले सगळे बोर्ड एकाच हातचे. पिठाची गिरणी, दाताचे डॉक्टर, ट्रॉलीवरचं ‘आईवडिलांची पुण्याई’, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार. सगळ्यांतला ‘र’ सारखा, शेपटीला जरा झोक दिलेला. त्या गृहस्थांना सगळं गाव नुसतं ‘पेंटर’ म्हणायचं, मीही तेच म्हणते.

दुपारी पत्रा तापला की त्यावर ब्रश नीट चालत नाही. म्हणून बारा ते तीन पेंटर आमच्या मोफत वाचन कक्षात येऊन बसायचे, खिडकीखालच्या बाकावर. पेपर समोर धरायचे आणि तासभर पान उलटायचे नाहीत. मला कैक दिवस वाटत होतं, यांना वाचता येत नसावं. गावभर अक्षरं काढणारा माणूस, आणि वाचता येत नाही! अशी मी हुशार.

एके दिवशी त्यांची पिशवी बाकावर राहिली. उघडून बघते तर लग्नपत्रिकांचा गठ्ठा. पत्रिकेची मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो आणि फुकट मिळतो. त्या प्रत्येक पत्रिकेच्या पाठीवर आमचा एकेक वाचक होता. पेन्सिलीनं, बॉलपेननं, कुठे डब्यात उरलेल्या ऑइलपेंटचा एक फटकारा. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, पेपर तोंडावर घेऊन झोपलेले पोस्टमन, बोट जिभेला लावून पान उलटणाऱ्या मावशी. (ती सवय सोडा, श्रोतेहो. पुस्तक दुसऱ्याच्याही घरी जायचं असतं.) पेंटर पेपर वाचतच नव्हते, पेपरच्या वरून बघत होते.

मी कार्यकारी मंडळात विषय मांडला. भिंतीला खिळे मारायचे नाहीत, एवढ्या अटीवर मंजूर झाला. मग कपाटाच्या कडीपासून कडीपर्यंत सुतळी बांधली आणि घरच्या दोरीवरचे चिमटे आणले. अठरा चित्रं, छत्तीस चिमटे. उद्घाटन ठेवलं नाही. शाल, नारळ, दीपप्रज्वलन, तेलात भिजलेली वात पेटत नाही म्हणून कुणीतरी खिसे चाचपतोय, पंख्यानं काडी विझतेय, यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात पन्नास माणसं चित्रं बघून घरी जातात.

इथे एक मागची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढची कळायची नाही. आमच्याकडे दोन वर्षं एक चोरी चालू होती. रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं कुणीतरी ब्लेडनं कापून न्यायचं. काम सुबक, चारही कडा सरळ. कोडं गेल्याचं एक वेळ दुःख नाही, पण त्याच्या मागच्या बाजूला पाककृती असायची. बायका वैतागायच्या, कारण साहित्य शाबूत आणि कृतीच्या जागी भोक! तक्रारवहीत यावर तक्रारींची रांग लागलेली, आणि त्यातल्या सर्वांत जास्त एकाच वळणदार अक्षरात. ते आमचे अण्णा. निवृत्त, मंडळाचे सदस्य, गावात शब्दाला वजन. ‘सदर इसमास शोधून त्याचे सभासदत्व तत्काळ रद्द करावे,’ असं दर आठवड्याला लिहायचे.

तर प्रदर्शनाचा पहिला दिवस. अकराच्या सुमारास इतिहासाच्या कपाटापाशी हसायचा आवाज आला. मी उठून गेले. एक अभ्यासिकेतला मुलगा म्हणाला, “बाई, हे नीट बघा.”

चित्र मीच टांगलं होतं, पण बघितलं आत्ता. अण्णा एका बाजूनं काढलेले. टोपी, नाकावर घसरलेला चष्मा, सुईत दोरा ओवताना निघते तशी जिभेची शेंडी बाहेर. डावा पंजा पुरवणीवर घट्ट दाबलेला. उजव्या हाताच्या चिमटीत दाढीचं अर्धं ब्लेड, धरायच्या बाजूला कागद गुंडाळलेला. आणि पुरवणीवर एक चौकोन. त्याच्या तीन बाजू कापून झालेल्या, चौथी राहिलेली.

माझे हातपाय गार पडले. चिमट्याला हात घातला, तर मागून पेंटर म्हणाले, “काढू नका बाई, हात चांगला जमलाय त्यात.”

म्हटलं, “अहो, तुम्ही दोन वर्षं हे बघत होता, सांगितलं का नाही?”

“मला वाटलं कमिटीचं कायतरी काम असंल. अण्णा कमिटीत हायत न्हवं?”

दुपारी दोनला अण्णा आले. त्यांची वेळ दोनची, ती पावसातही चुकायची नाही. वाचनालयात एरवी मी ‘शांतता राखा’ म्हणून घसा कोरडा करायचे, त्या दिवशी नुसता पंखा ऐकू येत होता. अण्णा हात पाठीमागे बांधून एकेक चित्र क्रमानं बघत आले. बाराव्या चित्रापाशी थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. बराच वेळ गेला.

मग म्हणाले, “नाक चुकलंय.”

पेंटर उठून आले. एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा चित्राकडे. “व्हय, जरा लांब झालंय.”

“किती?”

“नाक?”

“चित्र.”

आता पेंटरनी जन्मात चित्र विकलेलं नव्हतं. त्यांचा हिशोब बोर्डाचा. खिशातून टेप काढला आणि पत्रिकेला लावला. पाच इंच बाय सात इंच, म्हणजे पस्तीस चौरस इंच, म्हणजे पाव फुटाला एक इंच कमी. दर पंधरा रुपये फूट. “पावणेचार होत्यात अण्णा, साडेतीन द्या.”

अण्णांनी पन्नासाची नोट काढली. पेंटरकडे सुट्टे नव्हते, माझ्याकडे होते, पण मी गप्प राहिले. अण्णा म्हणाले, “राहू द्या.” चिमटे स्वतः काढले, चित्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि जाताना टेबलाशी येऊन तक्रारवही मागितली. म्हटलं, आता माझं काही खरं नाही. त्यांनी लिहिलं, ‘प्रदर्शन चांगले आहे. उजेड कमी पडतो.’ खाली सही, तारीख.

ती वही बरीच वर्षं माझ्या टेबलाच्या खणात होती.

पुढच्या रविवारी शब्दकोडं जागेवर. त्याच्या पुढच्याही रविवारी. आणि तीन दिवसांसाठी मांडलेलं ते प्रदर्शन आम्हाला तीन आठवडे ठेवावं लागलं, कारण गाव आपापला चेहरा शोधायला येत होतं. ज्यांना सापडला नाही ते दुपारी बारानंतर खिडकीच्या समोरच्या बाकावर येऊन बसायला लागले, एकदम ताठ, पुस्तक सरळ धरून. पेंटर कुरकुरायचे, “अशी बसली की काढण्यासारखं काय राहत न्हाई बाई. अण्णा बी आता नुसतं वाचत्यात.” बाराव्या जागेवरचे दोन चिमटे मी तसेच मोकळे ठेवले होते. लोक तेही बघायचे.

वेळ बराच गेला. काचेपलीकडून मला खूण होतेय. तर जे सांगायला बोलावलंय ते पटापट सांगते.

चित्र वाचकाच्या वाटेत लावा. सभागृह असलं तर ते कुलूप लावून बंद असतं, तिथे नको. देवघेवीच्या टेबलापासून कपाटापर्यंत माणूस ज्या वाटेनं जातो, त्या वाटेत. वाचकाच्या वाटेत, हे लक्षात ठेवा. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर यावा, आणि बालविभागात मुलांच्या डोळ्यासमोर, नाहीतर मुलांना नुसती सुतळी दिसते. जलरंगाच्या चित्रावर थेट ऊन येऊ देऊ नका, रंग उडतो. कोकणातल्या मंडळींनी पावसाळ्यात प्रदर्शन ठेवूच नये, काचेच्या आत बुरशी धरते. सर्वांत चांगले दिवस म्हणजे दिवाळी अंक आल्यानंतरचे. तेव्हा एरवी न फिरकणारा सभासदही येतो.

चित्राखाली किंमत लिहा. आपली माणसं विचारायला लाजतात आणि चित्रकार सांगायला. आणि वाचनालयानं त्यातला हिस्सा मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गणी घेतो तेवढी पुरे.

चित्रकार कुठून आणायचे, असं मला ग्रंथपाल विचारतात. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना विचारा. त्यांचा तास गणिताच्या बाईंनी घेतलेला असतो, सर मोकळेच असतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं आहेत. त्यांना दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. ती जायच्या आत त्यांची चार चित्रं मागून घ्या. मूर्तिकार आहेत, रांगोळीवाल्या आहेत. पाचगणीजवळचं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं, तेव्हा पुस्तकांच्या घरांच्या भिंती चित्रकारांनी रंगवल्या. तिथे पुस्तकाच्या शेजारी चित्र आहे आणि दोघांचंही काही बिघडलेलं नाही.

आणि हो, चिमटे लाकडी घ्या. प्लास्टिकचे स्वस्त मिळतात, पण खिडकीपाशी उन्हात कडक होतात आणि रात्री एकेक तुटून चित्रं खाली पडतात. सकाळी झाडणारी बाई बिचारी ती गोळा करून रद्दीत ठेवते. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी सहा चित्रं अशी गेली, आणि ती कुणाची होती हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको.

नमस्कार.